येळवशीच्या चार खुर्च्या

यंदाच्या येळवशीला मी शेतात खुर्च्या नेल्या.

येळवशीला शेतात काय न्यायचं हे आमच्या घरात ठरलेलं आहे. आंबिलीची घागर, भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांची दुरडी, शेतातल्या पाच दगडांच्या पांडवांना लावायला चुना, आणि मीठ. यातलं मीठ विसरायचं काम माझ्याकडे असतं आणि लग्न झाल्यापासून ते मी न चुकता करत आलो आहे. यंदा मीठ लक्षात राहिलं. म्हणजे दुसरं काहीतरी चुकणार हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आमची मुलगी पल्लवी पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिथल्या दोघी मैत्रिणींना घेऊन ती येळवस दाखवायला येणार होती. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या बिदर-गुलबर्ग्याकडे गावंच्या गावं रिकामी होतात आणि सगळं माणूस शेतात जेवायला जातं. आमच्या चिटगुप्प्याच्या बाजारात त्या दिवशी कुत्रंसुद्धा भेटत नाही, कारण तेही कुणाच्या तरी ट्रॉलीमागून शेतात गेलेलं असतं. हे तिनं पुण्यात फार रंगवून सांगितलं असावं. पुण्याच्या पोरी ढेकळांवर कशा बसतील, या काळजीनं मी मंडपवाल्याकडून खुर्च्या आणायला गेलो. साध्या खुर्च्या शिल्लक नव्हत्या. नवरा-नवरीच्या होत्या. लाल मखमलीच्या, सोनेरी पाठीच्या. पाहुण्यांना दोन, मुलीला एक आणि चौथी, आता कशाला खोटं बोलू, मला.

त्या मी कडब्याच्या खोपीशेजारी ओळीनं मांडल्या. एक जरा पुढे, पांडवांच्या दगडांसमोर आली. आमचे धाकटे काका डोळ्यांनी अधू आहेत. त्यांनी त्या खुर्चीलाच हळदकुंकू वाहिलं आणि डोकं टेकवलं. सगळी मंडळी हसून बेजार झाली.

माझी बायको महानंदा तेवढी हसली नाही. तिनं डोक्यावरची दुरडी उतरवली, खुर्च्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुणासाठी मांडल्याव ह्या?"

"पाहुण्यांसाठी."

"उचला."

मी उचलल्या. पलीकडच्या बांधाजवळ ट्रॅक्टर उभा होता, त्याच्या ट्रॉलीत नेऊन टाकल्या. जाताना वाटेत उभ्या जोंधळ्याची पाती गालाला कापत होती, आणि कुठून तरी उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास येत होता. तो वास आला की मला दाळमिल आठवते. आणि महानंदाला काय आठवलं असणार तेही मला माहीत होतं. तिचं भांडण माझ्या खुर्च्यांशी नव्हतं. ते फार जुन्या एका खुर्चीशी होतं.

*

तुरीचे दिवस आले की आमच्या भागाची हवाच बदलते. शेतात वाळलेल्या तुराट्यांचा कडकड आवाज, अडत बाजाराबाहेर लॉऱ्यांची रांग, आणि मिलमधून उडणारी पिवळी चुनी. ही चुनी म्हणजे दाळ भरडताना पडणारं पीठ. ते सगळीकडे बसतं: दोरीवरच्या कपड्यांवर, दुधाच्या सायीवर, माणसांच्या पापण्यांवर. महानंदा मिलमधून घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पिवळ्या झालेल्या असायच्या. "रोजच हळद लागायलीय की तुला," असं मी म्हणायचो, आणि ती "नवरा मात्र तोच ऱ्हायलाय," म्हणायची.

ती मिलमध्ये गेली कशी, याचं श्रेय सरकारला आणि मला निम्मं निम्मं जातं. त्या वर्षांत देशात सगळं खुलं झालं, असं पेपरात येत होतं. काय खुलं झालं ते आम्हांला नीट कळलं नाही, पण माझं दुकान बंद पडायला लागलं. मी रेडिओ-टेप दुरुस्त करणारा माणूस. मी उघडलेला रेडिओ परत बंद करताना एखाददुसरा स्क्रू उरायचाच. तो माझ्या डोक्यातला असावा असं गिऱ्हाइकांचं मत होतं. पण उरलेल्या स्क्रूसकट ते रेडिओ वाजायचे. मग नवे टेप आले, रंगीत टीव्ही आले, आणि लोक बिघडलेली वस्तू माझ्याकडे आणायच्याऐवजी नवी वस्तू मला दाखवायला आणू लागले. महानंदा गुलबर्ग्याची बी.कॉम. एके दिवशी ती उठली, दाळमिलच्या मालकांकडे, ज्यांना सगळे अप्पा म्हणत, गेली आणि हिशेबनिसाची नोकरी मागून आली.

मिलच्या पेढीवर तोवर बाई बसलेली नव्हती. आवारात बायका पुष्कळ. सुपं घेऊन दाळ निवडायच्या. पण पेढीवर म्हणजे पांढरी गादी, तक्के, उतरते डेस्क आणि धोतर-पायजम्यातले पुरुष. अप्पा भला माणूस. लिंगायत घरची शिकलेली सून आपल्याकडे कामाला येतेय, तिचा मान राहिला पाहिजे, म्हणून त्यांनी बिदरहून वेताची नवी खुर्ची मागवली. खुर्चीपुढे टेबल. टेबलापुढे लाकडी आडोसा, त्यावर पडदा. माठ वेगळा. चहा आधी तिला जायचा, मग गादीवर. दुपारी गादीवरची मंडळी डबे सोडायची आणि त्यातलं चांगलंचुंगलं एका ताटात वाढून, वर फडकं झाकून अक्काकडे पाठवायची.

सगळे तिला अक्का म्हणायचे. दिवाणजी, जे तिच्या बापाच्या वयाचे, तेही.

मला वाटलं, बायकोचं बरं चाललंय. मी चारचौघांत त्या वेताच्या खुर्चीच्या गोष्टी सांगायचो. घरी आल्यावर मात्र ती गप्प असायची. एकदा म्हणाली की गादीवर दिवसभर हसण्याचा आवाज येतो आणि काय झालं म्हणून विचारलं की सगळे म्हणतात, काही नाही अक्का. भाव गादीवर ठरायचे, कोणत्या गिऱ्हाइकाला सांभाळायचं ते गादीवर ठरायचं, आणि मग कागद तिच्याकडे यायचा. निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसावं, तर ती आली की त्या सुपं ठेवून उभ्या राहायच्या. ती म्हणाली, "मी तितं नोकरीला हाय का सोयरीक बघायला आलेय, तेच कळंना झालंय."

दोन तुरी, म्हणजे दोन हंगाम, अशा गेल्या. तिसऱ्या तुरीला, ऐन गर्दीच्या दिवशी, लाइट गेली. आडोशामागे अंधार. माल तर येतच होता. तिनं वही उचलली, पडदा बाजूला केला आणि गादीच्या कडेला, दाराच्या उजेडात जाऊन बसली. दिवाणजी आकडे मांडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "सरका जरा. उजेड आडवायलाव." आणि त्यांनी आपला डेस्क तिच्या बाजूला ढकलला.

संध्याकाळी घरी येताना ती मिठाई घेऊन आली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, "आज मला सरका म्हणाले." मी तिथल्या तिथे पायात चप्पल सरकवली आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन विचारलं, कोण म्हणालं? माझ्या बायकोला सरक म्हणतो म्हणजे काय. ती पोट धरून हसली. मग मला बसवून तिनं समजावलं, आणि ते मी आजतागायत विसरलेलो नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाला कुणी सरक म्हणत नाही. सरक आपल्याच माणसाला म्हणतात.

खुर्ची दुसऱ्या दिवसापासून अप्पांच्या देवघरात गेली. पडदा निघाला. आणि महानंदानं आपण होऊन एक नवी पद्धत पाडली. घरून तिनं मोठी पितळी परात नेली. दुपारी गादी आवरली की सगळ्यांनी आपापलं कालवण त्या परातीत ओतायचं. वांग्याचं, दाळीचं, शेपूचं, असेल ते. सगळं एक करायचं आणि भोवती बसून सगळ्यांनी त्यातच भाकरी बुडवायची. कुणाला वाढायचं नाही, कुणाचं वेगळं ताट नाही. दिवाणजी आधी कुरकुरले; मग म्हणे त्यांना घरचं नुसतं कालवण बेचव लागायला लागलं. पेढीवर तेव्हा सगळी आमच्यासारख्या घरची माणसं, मांसमच्छी न शिवणारी. हमालांचं जेवण लिंबाखाली, आणि मशीन चालवणारे मेहबूबभाई आपल्या मशीनघरात. ते पेढीवरचे नव्हेत, म्हणून त्यांना परातीला बोलवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

ती परात म्हणजे महानंदाचा अभिमान. माणूस कामाच्या जागी आपला कधी होतो, यावर तिचं एकच उत्तर ठरून गेलं. त्याला वेगळं काही देऊ नका. आपल्यात बसवा.

*

आणि मग त्या उत्तराची परीक्षा घ्यायला संगीता आली.

ती तूर मला सगळ्यांत जास्त आठवते. त्या वर्षी थंडी फार होती. सकाळी मिलच्या गच्चीवर तेल लावून वाळत घातलेल्या तुरीवर दव पडायचं आणि ऊन आलं की सगळी गच्ची वाफाळायची. मिलमध्ये कंप्युटर आला होता. त्याला एक खोली, खोलीला पंखा, पंख्याला जाळी. आमच्या लग्नात माझी इतकी बडदास्त झाली नव्हती. तो चालवायला कुणी मिळेना, म्हणून महानंदानंच शोध घेऊन औराद तालुक्यातल्या चिंताकीची मुलगी आणली. उदगीरला कंप्युटर शिकलेली. मेंढरं राखणाऱ्यांचं घर. घरातून शिकून नोकरीला बाहेर पडलेली ती पहिलीच. चिटगुप्प्यात मावशीकडे राहायची. बारीक अंगाची, केसांना भरपूर तेल, आणि आकडे मनात मोजताना ओठांवर तेलुगू: ओकटी, रेंडू, मूडू. लहानपणी मामाकडे सीमेपलीकडच्या शाळेत गेल्याची ती खूण. बाकी बोलणं आपलंच, "करायलेव, जायलेव" वालं.

तिच्या लग्नाचं घरी बघत होते. बापानं सांगितलं होतं, नोकरी कायमची झाली तर वर्षभर थांबतो. नुसती तुरीपुरती असली तर माघात उरकून टाकतो. महानंदा अप्पांच्या मागे लागली आणि त्यांच्याकडून शब्द घेतला. तूर नीट पार पडली तर संक्रांतीला मुलगी कायम. आमच्या घरात त्या दिवसांत जेवताना, झोपताना संगीताशिवाय विषय नव्हता. मला कधी कधी वाटायचं, महानंदा तिची नोकरी पक्की करायला धडपडत नाही, स्वतःची पहिली दोन वर्षं परत मिळवायला धडपडतेय.

पहिल्याच दिवशी अप्पा म्हणाले, पोर नवी आहे, तिला कंप्युटरच्या खोलीतच जेवू द्या. महानंदा म्हणाली, अजिबात न्हाई. हात धरून तिला परातीला आणून बसवलं. "हितं कुणी वेगळं न्हाई," म्हणाली.

संगीता बसली. रोज बसायची. तिच्या डब्यात भाकरी असायची आणि कांदा. कधी मिरची. परातीत ओतायला तिच्याकडे काही नसायचं. दिवाणजी चेष्टेनं म्हणायचे, संगीताचा डबा कोरडवाहू. सगळे हसायचे, तीही हसायची. महानंदाला वाटायचं, गरिबीचं घर, कालवण कुठून आणेल. म्हणून ती स्वतःच्या घरून दुप्पट न्यायची. मला त्या हंगामात रोज पातळ आमटी मिळाली आणि मी तिला सामाजिक कार्य समजून पीत राहिलो.

एकदा दुपारी, जेवणाच्या आधी, महानंदा चुनीची पोती बघायला मागच्या आवारात गेली. तिथे भुशाचा मोठा ढीग असायचा. ढीग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत संगीता उकिडवी बसली होती. मांडीवर डबा. डब्याचा खालचा कप्पा उघडा. घाईघाईनं खात होती. वरून भुसा पडू नये म्हणून ओढणी एका हातानं डब्यावर धरलेली. वास आला आणि महानंदाला सगळं कळलं. सुकटीची चटणी होती.

रोज ती आपलं जेवण तिथे जेवायची, हात-तोंड धुवायची, आणि मग परातीला येऊन सगळ्यांच्या देखत कोरडा डबा उघडायची.

दोघींची नजरानजर झाली. महानंदा मागे वळली आणि निघून आली. तिला वाटलं, काही पाहिलंच नाही असं केलं म्हणजे पोरीची लाज राहील. संगीताला मात्र वाटलं असणार की आता हे पेढीवर जाणार. दुसऱ्या दिवसापासून ती भुशामागेही गेली नाही. दोन घास कांदा-भाकरी खायची आणि कंप्युटरकडे जायची. महानंदा रोज ठरवायची, आज बोलू. रोज लॉऱ्या यायच्या, रोज राहून जायचं. काय बोलावं हेही तिला ठाऊक नव्हतं. जे शब्द तिच्याकडे होते ते सगळे आपल्यात ये, आपल्यात बस, याचे होते.

येळवशीला मिल बंद. संगीता सुट्टी घेऊन चिंताकीला गेली, आणि परत आली नाही.

*

आठवडाभर वाट बघून महानंदा मला म्हणाली, चला. बिदर, औराद, आणि तिथून पुढे जीपच्या टपावर मी आणि आत ती. चिंताकीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. संगीताच्या आईनं पाणी दिलं, घोंगडी अंथरली, आणि बाहेर पडली. थोड्या वेळानं आली ती हातात पातेलं आणि तवा घेऊन. अंगणात तीन दगड मांडले, नवी चूल केली. घरातल्या चुलीकडे गेलीच नाही. पिठलं केलं, भाकऱ्या केल्या. आमच्यापुढे ताटं ठेवून म्हणाली, "तुमच्या जंगमाच्या घरचं भांडं हाय, अक्का. आमच्यातलं न्हाई. निवांत जेवा."

महानंदा ताटाकडे बघत राहिली. वेगळं ताट. तिला आयुष्यात सगळ्यांत जास्त राग होता तो याच गोष्टीचा. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. ते पिठलं उत्तम होतं, याला माझा इलाज नाही. तिनं मात्र भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. ज्या बाईनं आम्हांला कधी पाहिलं नव्हतं, तिनं आम्हांला काय चालतं याचा विचार आम्ही उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी केला होता.

लग्न ठरलं होतं. मुलगा सिकंदराबादेत बांधकामावर मुकादम. महानंदानं अप्पांचा निरोप सांगितला, संक्रांतीला कायम करतायत, बापाशी मी बोलते. संगीता मान खाली घालून ऐकत होती. मग महानंदा म्हणाली, "तू सांगितली कामून न्हाईस मला? मी काय खाऊन टाकले असते तुला?"

संगीता म्हणाली, "तुमी लई मायेनं बसवलाव, अक्का. मायेच्या मानसाला न्हाई कसं म्हनावं? हात माजा बी रोज परातीत होता. घरचं कालवण तेवढं आलं न्हाई कदी."

"मग इथून पुढं…"

"आता शब्द गेलाय," ती म्हणाली. आणि मग, "तुमी इचारला असताव तर सांगितले असते. नव्या मानसानं आपून हून कसं सांगावं?"

परतताना औरादच्या स्टँडवर महानंदा एवढंच बोलली की मी तिला आपल्यात बसवलं, पण आपल्यात म्हणजे कुणात, हे बघितलंच नाही. बस उशिरा आली. मी भजी आणून दिली, ती तिनं शेजारच्या बाईच्या पोराला देऊन टाकली.

मिलमध्ये ही गोष्ट सगळ्यांना कळली. मशीनघराच्या दारात उभे राहून मेहबूबभाई म्हणाले, "अक्का, मेरेकू कोई बुलायाच नै. इसके वास्ते इत्ते बरस सुकून से खाया." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

परात पुढेही राहिली. पण त्यानंतर पेढीवर नवं माणूस आलं की महानंदा पहिल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन हळूच विचारायची, जेवायला तुला कसं बरं पडतं? कुणी परातीला यायचं, कुणी चिंचेखाली जायचं, एका पोराला नुसतं झोपायचं असायचं. कामाच्या जागेबद्दल ती कधी मोठं बोलली नाही. विचारत मात्र राहिली. पुढे मोठ्या मशिनी आल्या, निवडणाऱ्या बायका गेल्या, त्यांतल्या निम्म्या पुण्या-मुंबईला, निम्म्या हैदराबादेला. मग दिवाणजी गेले, मग मिल विकली गेली. दिवाळीला हैदराबादकडच्या गाड्या येतात, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं उतरतात, तेव्हा आपलं काम नसताना ती अजून स्टँडवरून फेरी मारून येते. संगीता कधी दिसली नाही. दिसली तर काय बोलणार, हे मी तिला विचारलेलं नाही. काही स्क्रूंना हात लावायचा नसतो, असं मीही ठरवलं आहे.

*

तर यंदाची येळवस.

खुर्च्या ट्रॉलीत गेल्या, चादरी अंथरल्या. पांडवांना नैवेद्य झाला, मी घागर घेऊन शेताभोवती आंबील शिंपडत फिरलो, नेहमीप्रमाणे निम्मी धोतरावर. पंगत बसली. भज्जी वाढली. हिरवी तूर, वाटाणा, हरभरा, वालाच्या शेंगा, चुका, चिंच, सगळं बेसनात एक झालेलं. पल्लवी मैत्रिणींना सांगत होती की त्यांच्या कंपनीत सगळ्या जातीपातीच्या, प्रांतांच्या माणसांना सामावून घ्यायचं म्हणून एक सबंध आठवडा असतो. फुगे लावतात, फिल्म दाखवतात, शेवटी परीक्षा घेतात. मला राहवलं नाही. मी भज्जीचा घास उचलून म्हणालो, बघा, आमच्याकडे हे पहिल्यापासूनच आहे. सगळं एकात एक. मला वाटलं, बरं सुचलं.

महानंदा पळी घेऊन उभी होती. म्हणाली, "भज्जीत टाकताना शेंगंला कुणी इचारतंय व्हय?"

पल्लवी हसली. मग तिच्या आईनं तिला विचारलं, तुमच्यात कुणी भुशाच्या ढिगामागं जेवतं का? पल्लवीला गोष्ट माहीत आहे. ती भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "जेवायचं काही नाही आई. पण तुझा फोन आला की मी जिन्यात जाते. ऑफिसात आपलं बोलणं ऐकलं की सगळे हसतात. चांगल्या मनानं हसतात. तरी जिन्यातच जाते."

इतकी वर्षं फोनवर पोरीचा आवाज घुमतो, त्याला महानंदा मोबाइलचा दोष समजत होती. तिनं मला दोनदा तो दुरुस्त करायलाही लावला होता.

तेवढ्यात तिचं लक्ष पल्लवीच्या मैत्रिणीकडे गेलं. दोघींतली उंच मुलगी ताट हातात घेऊन खोपीला टेकून उभी होती. सगळे बसले होते. मी दोनदा तिला बस बाळ म्हणालो होतो आणि ती दोनदा गोड हसून मला उभंच बरं वाटतं, म्हणाली होती. मला वाटलं, पुण्याची पद्धत असेल.

महानंदा पळी ठेवून तिच्याजवळ गेली. काय विचारलं ते ऐकू आलं नाही. मुलीनं सलवार जरा वर करून गुडघा दाखवला. गाडीवरून पडली होती, हाडात स्टीलची पट्टी बसवलेली, मांडी घालता येत नव्हती. मी उठेपर्यंत महानंदा जोंधळ्यातून पलीकडे गेलीसुद्धा. परत आली ती डोक्यावर लाल मखमली खुर्ची घेऊन. सोनेरी पाठ उन्हात चमकत होती आणि तिच्यावर काकांचं हळदकुंकू अजून होतं. खुर्ची तिनं कडेला नाही ठेवली. पंगतीच्या मधोमध ठेवली, आमच्या चादरीवर. मला म्हणाली, "सरका." मग स्वतः तिच्या पायाशी ताट घेऊन बसली आणि जेवली.

संध्याकाळी सगळं आवरून आम्ही ट्रॉलीतून परत निघालो. चार खुर्च्या, रिकामी घागर, आणि आम्ही दोघं. पोरी पुढे जीपनं गेल्या होत्या. दोन्ही बाजूंना वाळत आलेली तूर खुळखुळत होती. मी म्हणालो, माझ्या खुर्च्या शेवटी कामाला आल्याच की. कौतुकाची वाट बघत बराच वेळ बसलो.

मिलची जुनी चिमणी मागे गेल्यावर ती म्हणाली, "फुडल्या साली बी आणा. पर मांडू नगा, ट्रॉलीतच ऱ्हाऊ द्या. कुणाला पायजे ते आदी मी इचारते." मग पदर तोंडावरून घेऊन म्हणाली, "धूळ लई उडायलीय ओ. चिंताकीच्या पोरीला सोडून साऱ्या जगाला इचारून झालं माझं."